मोतीकाठाचा पत्ता

आमच्या नांतवेनच्या खोऱ्यात आडनाव असून नसल्यासारखंच. अर्धं खोरं प्रीस, उरलेलं अर्धं ह्यूज. त्यामुळे माणसाचा धंदा किंवा जागा त्याच्या नावाला चिकटते. टपाल वाटणारा तो डाय टपाल. चढणीवर गुरं-मेंढ्या राखणारा तो इडवल चढण. एलुनेड प्रीस शाळेची बस चालवायची, म्हणून ती एलुनेड बस. बस सुटून कितीतरी वर्षं झाली, नाव काही सुटलं नाही.

तिची बस वसंतात कधीच वेळेवर शाळेत पोचली नाही. कुंपणाच्या काटेरी झुडपांवर पांढरा फुलोरा आला, की ती रस्त्याकडे कमी आणि कुंपणाकडे जास्त बघायची. पंखांची टोकं नारिंगी असलेलं एखादं नर फुलपाखरू आडवं गेलं, की बस जागच्या जागी थांबायची. मागं पोरांची कपाळं पुढच्या बाकावर आपटायची. आईबापांनी तक्रार केली. हेडमास्तरांनी बोलावून घेतलं तेव्हा म्हणाली, "शाळा कुठं पळून जात नाही, सर. हे जातं."

तिचं घर डांबरी रस्ता संपतो तिथलं शेवटचं. बाप दगडाच्या खाणीत होता, आई लवकर गेली, लग्नाचं एकदा ठरलं आणि मोडलं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही. मागच्या अंगणात तिची एक लाकडी पेटी असायची. पेटीवर झगझगीत दिवा, आत अंडी ठेवायचे पुठ्ठ्याचे ट्रे. दिवा रात्रभर जळायचा. रात्रीची पाखरं, म्हणजे पतंग, दिव्याला भुलून पेटीत उतरायची आणि ट्रेच्या खळग्यांत झोपी जायची. त्या पेटीला गाव एलुनेडची धर्मशाळा म्हणायचं. ट्रे माझ्याकडचे. मी कोंबड्या पाळतो. ट्रेच्या बदल्यात ती तव्यावर भाजलेले मनुकांचे गोड केक द्यायची, आणि माझ्या बायकोच्यापेक्षा ते चांगले होतात हे मी घरी कधी सांगितलं नाही.

पेटी उघडायची वेळ सकाळची. चारी बाजूंनी कोकरं ओरडतायत, गवत दवानं वाकलंय, ओढ्यावरून धूर उठावा तसं धुकं उठतंय, आणि एलुनेड गुडघ्यांवर बसून एकेक ट्रे असा उचलतेय की जणू त्याखाली तान्हं मूल आहे. राखेच्या रंगाची पाखरं, ओल्या सालीच्या रंगाची पाखरं. एकाच्या पंखावर काळी खूण, शाईचं बोट लागल्यासारखी. एक तर बर्चच्या झाडाची मोडकी काटकी वाटायचं, हात लावेपर्यंत काटकीच. ती त्यांची नावं पुटपुटायची, लिहायची, आणि मग एकेकाला उचलून दाट वेलीत सोडायची. दोन दिवस एकाच जागी कधी नाही, कारण नळावर तांबड्या छातीचा रॉबिन पक्षी टपून बसलेला असायचा. त्याला ती म्हणायची, "बस लेका बसायचं तितकं. तुझी पंगत नाही आज."

हे सगळं ती आमच्या परगण्याचे नोंदकर्ते हेडन ब्रीझ यांना कळवायची. हेडन औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेले, हळू बोलणारे, टायशिवाय कुंपणापर्यंतही न जाणारे. या देशात प्रत्येक परगण्याला असा एक जण असतो. कोणतं फुलपाखरू, कधी, कुठं, किती आणि कुणी पाहिलं एवढं त्याला सांगायचं. त्यातलं एकही राहिलं तर नोंद पुरी होत नाही. एलुनेडचं एक नेहमी राहायचं. ते सांगण्यासाठी मला इडवलच्या चढणीवर जावं लागेल.

चढण म्हणजे आमच्या खोऱ्याची दक्षिणेकडे तोंड करून पडलेली पाठ. नांगर चालत नाही, गवत धड नाही. सगळीकडे नेच्याचं रान. पावसाळी उन्हाळ्यात ते पुरुषभर वाढतं आणि थंडीत तांबूस होऊन आडवं पडतं. इडवल शरद ऋतूत ते कापून गोठ्यात गुरांखाली अंथरायचा. गुरं चढणीवर फिरायची, त्यांच्या खुरांनी ते तुडवलं जायचं. त्या तुडवलेल्या, उन्हानं तापलेल्या कचऱ्यातून वसंतात जांभळी व्हायोलेटची फुलं वर यायची. आणि त्या व्हायोलेटच्या पानांवर एका फुलपाखराची अळी जगायची.

त्याला आम्ही मोतीकाठ म्हणतो. वरून तांबूस नारिंगी, काळ्या ठिपक्यांचं. पंख मिटले की खालच्या कडेला ओळीनं पांढरे मोती. मे महिन्यातल्या एखाद्या निवांत दुपारी ही पाखरं त्या तांबूस नेच्यावरून इतकी खालून उडत, की आडवं पडलेलं रानच मधेमधे अंग हलवतंय असं वाटायचं. माझ्या आजोबांच्या काळी प्रत्येक रानात असायची म्हणे. मग रानं गेली, गुरं गेली, आणि उभ्या परगण्यात इडवलची चढण उरली.

एलुनेड तेव्हा तिशीत होती. एका मे महिन्यात एक गृहस्थ आले, चांगल्या कापडाचा कोट, चांगली भाषा. फुलपाखरांतलं त्यांना सगळं कळत होतं. तिच्याशी त्या विषयावर बरोबरीनं बोलणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला होता. तिनं केक दिले, चहा दिला, आणि अभिमानानं त्यांना चढणीवर नेलं. दुसऱ्या दिवशी बस सोडून परतताना तिला ते एकटेच तिथं दिसले. हातात जाळी, खांद्याला पत्र्याचा डबा. डब्यात अंडी घालायला निघालेल्या माद्या होत्या. पिना टोचलेल्या, ओळीनं.

तिनं काय केलं ते तिनं कधी सांगितलं नाही. इडवल सांगायचा की तो गृहस्थ ओढ्यातून पळत गेला आणि एक बूट आमच्या खोऱ्याला देऊन गेला. पुढच्या वसंतात चढणीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मोतीकाठं उडाली. पुन्हा भरायला बरीच वर्षं गेली.

तेव्हापासून तिनं जागा सांगणं बंद केलं. आमच्याकडे नकाशावर सगळा देश चौकोनांत आखलेला आहे. जागेचा आकडा जितका लांब लिहाल तितकी जागा नेमकी होत जाते. पूर्ण आकडा लिहिला तर माणूस थेट त्या झुडपापाशी जाऊन उभा राहतो. अर्धा लिहिला तर फक्त एक किलोमीटरचा चौकोन कळतो. एलुनेड अर्धा लिहायची. त्या चौकोनात चढण होती, ओढा होता, डायचं घर होतं, आमचं चॅपल आणि त्याची दफनभूमी होती. शोधा म्हणावं.

हेडन स्वतःही दुर्मीळ फुलपाखरांची नेमकी जागा बाहेर कुणाला देत नसत. पण स्वतःजवळ ठेवत. त्यांनी तिला किती वेळा समजावलं.

"एलुनेडबाई, जगाला नका सांगू. मला तरी सांगा. माझ्या कपाटात राहील."

"कपाटाला किल्ली असते, मिस्टर ब्रीझ. आणि किल्ल्या हरवतात."

"मी काय जाळी घेऊन येणार आहे का?"

"तुम्ही नाही. तुमच्यानंतरचा कोण असेल ते तुम्हाला तरी माहीत आहे का?"

त्यांच्यानंतरची निघाली नेरिस, शाळामास्तरीण, चांगली मुलगी, लहानपणी एलुनेडच्याच बसमध्ये कपाळ आपटून घेतलेली. तिनंही विचारलं. तिलाही तेच उत्तर. फोटो मागितला, तर एलुनेडनं कॅमेराच कधी घेतला नव्हता. फोटोत मागची टेकडी येते, आणि टेकडी ओळखणारे लोक असतात, असं तिचं म्हणणं. खोऱ्याला मात्र तिचा अभिमान होता. कुणी अनोळखी माणूस गाडी थांबवून फुलपाखरांचं विचारू लागला, की डाय टपालपासून दुधाच्या गाडीवाल्यापर्यंत सगळे चेहरा कोरा करून ढगांकडे बघायचे. ही आमची रीतच होऊन बसली.

मग इडवल गेला. हिवाळ्यात गोठ्यातच कोसळला, हातात नेच्याची पेंढी होती. मुलगी कार्डिफला, तिला चढणीचं काय करायचं? झाडं लावणाऱ्या एका कंपनीनं ती विकत घेतली. दूरच्या शहरांतले कारखाने हवेत धूर सोडतात, आणि त्याची भरपाई म्हणून आमच्याकडे झाडं लावतात. झाडं लावण्याला कोण वाईट म्हणणार? चॅपलमध्ये पास्टरनं त्यावर प्रवचनसुद्धा दिलं.

त्या वसंतात, एप्रिलच्या शेवटाला, मी ट्रे घेऊन एलुनेडकडे गेलो होतो. ती पेटी उघडून बसली होती. फाटकाशी एक तरुण येऊन उभा राहिला. गळ्यात लांबलचक भिंगाचा कॅमेरा, पायात नवे बूट. त्यानं अदबीनं आत यायची परवानगी विचारली. ट्रेमधल्या पाखरांची दोन-तीन नावं बरोबर सांगितली. एलुनेडच्या कपाळावर आठी चढली ती मला दिसली.

"मी या भागातल्या रानांची पाहणी करतोय," तो म्हणाला. "नोंदींत इथं मोतीकाठ असल्याचं वाचलं. नेमकी कुठं आढळतात, आजी?"

एलुनेडनं हातातलं पाखरू सावकाश वेलीत ठेवलं. हात झाडले.

"चॅपलच्या मागं. थडग्यांच्या बांधावर. व्हायोलेट आहेत बघ तिथं भरपूर."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. पण आज वारा आहे, पोरा. आज काही दिसायचं नाही."

तो मनापासून आभार मानून, तिचं नाव लिहून घेऊन गेला. दफनभूमीच्या बांधावर व्हायोलेट खरंच आहेत. फक्त तो बांध उत्तरेच्या सावलीत आहे आणि तिथं आयुष्यात एक मोतीकाठ उडालं नाही. तो दिसेनासा झाल्यावर एलुनेड माझ्याकडे बघून हसली.

"बूट बघितलेस? तसलेच होते त्या जाळीवाल्याचेही."

कोण, कुठला, कुणासाठी पाहणी, हे तिनं विचारलं नाही. आमच्या खोऱ्यात कुणीच विचारलं नसतं. असल्या माणसाला आम्ही ओळखतो असं आम्ही धरून चाललो होतो.

उन्हाळ्यात कंपनीची सूचना दुकानाच्या दारावर लागली. कुठली झाडं, किती उंच कुंपण, आणि शेवटी एक ओळ, की या चौकोनात दुर्मीळ मोतीकाठ फुलपाखरू असून त्याच्या जागेला हात लावला जाणार नाही. एलुनेडनं ती ओळ दारापाशी उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवली. ब्रेड घ्यायला आलेल्या प्रत्येकाला वाचून दाखवली. म्हणाली, बघा, अर्ध्या आकड्यानंसुद्धा काम होतं. इतकी वर्षं लिहिलं ते वाया नाही गेलं. त्या दिवशी ती दुकानातून निघाली तेव्हा चालताना हात हलवत होती, आणि बस चालवायची तेव्हाचीच वाटत होती. दुकानात विचारलं तर सगळा नकाशा बघायला मिळाला असता. तिला तो बघावासा वाटला नाही. चौकोनात दुसरं होतंच काय वाचवण्यासारखं?

मार्चमध्ये यंत्रं आली. मी कोंबड्यांना दाणे टाकत होतो, तेव्हा आवाज आला. तो चॅपलकडून येत नव्हता, ओढ्याकडून येत नव्हता. एलुनेड माझ्या फाटकावरून डोकं उघडं टाकून जाताना दिसली, पायांत घरातल्या सपाता. मी मागं धावलो. चढणीच्या तळाशी पिवळं यंत्र नेच्याचा थर उलटा करत होतं. तांबूस गोधडी फाडावी तसा तो सोलला जात होता, आणि खालून काळी ओली माती वर येत होती.

ती यंत्रासमोर जाऊन उभी राहिली. मुकादम उतरला. भला माणूस होता, आमच्यासारखाच शेतकऱ्याचा मुलगा. त्यानं नकाशा काढून यंत्राच्या पत्र्यावर पसरला. चढणीवर झाडंच झाडं. चॅपलच्या भोवती हिरव्या रेघांचा एक मोठा गोल. त्यात एकही झाड नाही.

"फुलपाखरांची जागा आम्ही सोडलीय, बाई. ही बघा. चांगली ऐसपैस सोडलीय."

"ती तिथं नाहीत. इथं आहेत."

"इथली माहिती गावातल्याच कुणीतरी दिलीय." त्यानं नकाशाचा खालचा कोपरा बघितला. "एलुनेड प्रीस म्हणून कुणी आहेत. आभार मानलेत त्यांचे."

मी दुसरीकडे बघितलं. तिच्या सपाता चिखलात रुतल्या होत्या.

"मीच ती," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं होतं."

मुकादमानं नकाशावरून मान वर केली. मग हळूच म्हणाला, "का?"

त्याचं उत्तर तिथं, त्या माणसाला, त्या वेळी कसं द्यायचं?

त्यानं यंत्र बंद केलं. हे मी त्याच्या बाजूनं नेहमी सांगतो. ऑफिसला फोन केला. ऑफिसनं नेरिसला विचारलं. नेरिसनं हेडनच्या काळापासूनच्या सगळ्या नोंदी काढल्या, आणि प्रत्येक नोंदीत तोच अर्धा आकडा. संगणकाला असा आकडा दिला तर तो खूण चौकोनाच्या मधोमध टाकतो, आणि आमच्या चौकोनाच्या मधोमध चॅपल आहे. एक फोटो असेल तर बघा, असं ऑफिसनं कळवलं. एखादी तरी जुनी नेमकी नोंद. पूर्वी खोटं सांगितल्याचं कबूल करणाऱ्या बाईचं आताचं खरं कशावरून मानायचं, असं त्यांनी लिहिलं नाही. अदबीनंच लिहिलं होतं. पण अर्थ तोच. नेरिस रडकुंडीला येऊन म्हणाली, मी शपथेवर सांगते, तर त्यांनी तिला विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलीत का? तिनं पाहिली नव्हती. तिला कधी दाखवलीच नव्हती.

उत्तर यायला जे दोन दिवस लागले, त्या दोन दिवसांत एलुनेड आणि मी चढणीवर रांगत होतो. मार्चमध्ये मोतीकाठाची अळी जागी झालेली असते. काळी, काटेरी, नखाएवढी. ऊन आलं की सुकल्या नेच्यावर येऊन शेकत बसते आणि ढग आला की आत जाते. माझे डोळे चांगले, पण मला एकही दिसेना. तिला दिसत होत्या. फार नाही. प्रत्येक अळी ती व्हायोलेटच्या पानासकट उचलायची आणि माझ्या अंड्यांच्या ट्रेमध्ये एकेका खळग्यात ठेवायची. गुडघे ओले, बोटं निळी पडलेली. मी म्हटलं, थोडा विसावा घे. तर म्हणाली, "त्या पोराला मी जागा दाखवलीय ना? आता तिथं काहीतरी असायला नको?"

संध्याकाळी आम्ही ट्रे घेऊन चॅपलमागं गेलो. थडग्यांच्या बांधावर, सावलीतल्या थंड मातीत, तिनं एकेक अळी पानाखाली ठेवली. एका थडग्यावर तिच्या बापाचं नाव होतं. त्याच्याकडे तिनं बघितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी यंत्र सुरू झालं.

मे महिन्यात ती रोज बांधावर बसायला जायची. खाली घोंगडी, थर्मासमध्ये चहा. ऊन तिथं दुपारी थोडा वेळ येतं. पांढरी फुलपाखरं आली, नारिंगी टोकांची आली, एक लोण्यासारखं पिवळं येऊन थडग्यावर बसून गेलं. मोतीकाठ आलं नाही. एकही नाही. कंपनीनं तिथं लाकडी खांबांवर सुंदर फलक लावला. मोतीकाठाचं रंगीत चित्र, मोती अगदी बरोबर मोजून काढलेले. खाली स्थानिक अभ्यासक एलुनेड प्रीस यांचे आभार. शनिवार-रविवारी लोक गाड्या घेऊन येतात, फलक वाचतात, बांधाकडे टक लावून बघतात. एकदा एका बाईनं तिला विचारलं, तुम्ही पाहिलंय का हो इथं? एलुनेड म्हणाली, आज वारा आहे.

पेटीवरचा दिवा तिनं लावणं सोडलं. माझे ट्रे एका दुपारी स्वच्छ करून, दोरीनं बांधून, माझ्या फाटकाशी ठेवलेले सापडले. वर कापडात गुंडाळलेले केक होते. मी ते खाल्ले. कडवट लागले असं म्हटलं तर ते खोटं होईल. नेहमीसारखेच चांगले होते.

मे संपताना तिनं मला हाक मारली. डाय टपालकडे द्यायचं एक पाकीट होतं, नेरिसच्या नावाचं. पाकीट बंद करायच्या आधी तिनं कागद माझ्यासमोर धरला, मी वाचावा म्हणून. मोतीकाठ. इडवलची चढण. पाहिलेली संख्या, शून्य. आणि जागेच्या रकान्यात पूर्ण आकडा, एकही अंक न गाळता, शेवटच्या झुडपापर्यंतचा. तिच्या हातून तो लिहिलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"आता कशाला इतकं नेमकं?" मी विचारलं.

तिनं जिभेनं पाकिटाची कड ओली केली, अंगठ्यानं दाबून चिकटवली.

"आता सांगायला काय हरकत आहे," ती म्हणाली. "नेऊन नेऊन कोण काय नेणार तिथून?"